गायकाचे चरित्र आणि चरित्रपट



किमान वेतन, बोनस, कंत्राटी कामगार हे नेहमीचे विषय सोडून हा गृहस्थ आज एका विलायती गायकावर बोलणार, हे कार्यक्रमपत्रिकेत वाचून आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. नवल वाटणे बरोबर आहे. माझे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. पुढे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत, कायद्याचे पुस्तक एका हाताला आणि शब्दकोश दुसऱ्या हाताला ठेवून. संगीतशास्त्रातले मला काही कळत नाही. परंतु तीस-पस्तीस वर्षे एकाच माणसाचा आवाज ऐकत आलो आहे, आणि त्या माणसाच्या वतीने थोडी तक्रार मांडावी असे वाटते. दुसऱ्याच्या वतीने तक्रार मांडणे हा तर माझा धंदाच आहे.

त्या गायकाचे नाव फ्रेडी मर्क्युरी. विशीत असताना मी साताऱ्याच्या एका कारखान्यात लेथवर होतो. शेजारच्या मशीनवरचा सोबती पाचगणीचा. त्याने एक दिवस मला एक कॅसेट आणून दिली आणि म्हणाला, "ऐक. आमच्या गावच्या शाळेत शिकलेला पोरगा आहे हा." मला वाटले, थापा मारतो आहे. पुढे वाचत गेलो तेव्हा कळले की थाप नव्हती. फ्रेडीचे खरे नाव फारुख बलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांझिबार येथे, एका पारशी कुटुंबात. आठ वर्षांच्या सुमारास घरच्यांनी त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत धाडले. तिथे तो पियानो शिकला आणि चार मित्रांना घेऊन 'हेक्टिक्स' नावाचा ताफा काढला. १९६३ साली तो झांझिबारला परतला. १९६४ साली तिथे क्रांती झाली, आणि कुटुंब जीव घेऊन इंग्लंडला गेले. तिथे तो चित्रकलेच्या महाविद्यालयात शिकला आणि लंडनच्या विमानतळावर त्याने सामान उतरवण्याचे कामही केले. १९७० साली ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्याबरोबर त्याने 'क्वीन' हा ताफा सुरू केला. १९७१ मध्ये जॉन डीकन येऊन मिळाला आणि चौकट पुरी झाली. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, एड्सच्या दुखण्याने तो गेला.

या माणसावर २०१८ साली 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हा चरित्रपट निघाला. जगभर प्रचंड चालला. रामी मालेक या नटाला त्यातील कामाबद्दल ऑस्कर मिळाले, आणि ते योग्यच होते. मुलीने तिकिटे काढली आणि आम्ही दोघे पाहायला गेलो. शेवटी सारे थिएटर डोळे पुसत होते. मीही पुसले. पण घरी आल्यावर रात्री झोप येईना. रडवले ते गाण्यांनी, हे खरे. मनात सलत होती ती गोष्ट.

कोणी म्हणेल, चित्रपट म्हणजे काही सरकारी दप्तर नव्हे. थोडे इकडचे तिकडे व्हायचेच. हे मला मान्य आहे. आपण कीर्तन ऐकत वाढलेली माणसे आहोत. उत्तररंगात बुवा आख्यान लावतात तेव्हा पदरचे दोन प्रसंग घालतात. श्रोत्यांना ते ठाऊक असते आणि कोणी हरकत घेत नाही, कारण त्या प्रसंगांनी संताचा स्वभाव अधिक उजळतो. तेव्हा बदल केला की गुन्हा झाला, असे माझे म्हणणे नाही. 'वुई विल रॉक यू' हे ब्रायन मे याचे गाणे १९७७ चे. चित्रपटात ते १९८० साली सुचलेले दाखवले आहे. दाखवेनात! त्याने कोणाचे वेतन कापले जात नाही. प्रश्न आहे तो माणूसच बदलतो तेव्हाचा.

आता मुख्य गोष्ट पाहा. चित्रपटात फ्रेडी मोठ्या रकमेच्या लोभाने एकट्याच्या ध्वनिमुद्रिकेचा करार करतो, सोबत्यांना सोडून जातो, वाईट संगतीत बुडतो, मग पश्चात्ताप होऊन माफी मागतो. आपल्याला एड्स झाल्याचे तो सोबत्यांना सांगतो, आणि कित्येक दिवसांनी एकत्र येऊन चौघे १३ जुलै १९८५ रोजी वेम्बलीच्या मैदानावर 'लाइव्ह एड'चा तो अजरामर कार्यक्रम करतात.

आता वस्तुस्थिती ऐका. क्वीन फुटलेच नव्हते. १९८४ मध्ये त्यांची नवी ध्वनिमुद्रिका निघाली, तिच्यासाठी त्यांनी देशोदेशी दौरा केला, जानेवारी १९८५ मध्ये ब्राझीलमध्ये अफाट समुदायापुढे गायले, आणि मे महिन्यात जपानमध्ये दौरा संपवला. म्हणजे 'लाइव्ह एड'च्या दोनच महिने आधी! ते वीस-एकवीस मिनिटांचे गाणे दैवी चमत्काराने झाले नाही. वर्षभर रोज कामावर असलेल्या चार कसलेल्या कारागिरांचे ते काम होते. एकट्याच्या ध्वनिमुद्रिकेचे म्हणाल तर रॉजर टेलरने ती १९८१ सालीच काढली होती आणि ब्रायन मेनेही १९८३ मध्ये क्वीनबाहेर मुद्रण केले होते. फ्रेडीची आली १९८५ मध्ये. तिघांनी केलेल्या गोष्टीचे पाप एकाच्याच माथी! आजाराचे निदानही, त्याच्या अखेरच्या वर्षांतील सोबत्याने लिहिल्याप्रमाणे, १९८७ मधले. म्हणजे ज्या दिवशी हा माणूस ऐन भरात होता, त्या दिवशी चित्रपटाने त्याच्या डोक्यावर मरणाची छाया धरली.

असे का होते, हे समजून घेतले पाहिजे. केवळ चिडून भागत नाही. मला तीन कारणे दिसतात.

पहिले कारण वेळेचे. दोन-सव्वादोन तासांत आयुष्य बसवायचे तर एक चढ, एक उतार आणि पुन्हा एक चढ लागतो. खरे आयुष्य तसे नसते. त्यात बहुतेक दिवस कामाचे असतात. म्हणून काम गाळले जाते आणि भांडणे भरली जातात. चित्रपटाला ज्या गाण्याचे नाव दिले त्याचेच पाहा. १९७५ साली वेल्समधील एका शेतावरच्या स्टुडिओत त्याचे मुद्रण सुरू झाले. त्यातील समूहगायन म्हणजे मोठा गायकवर्ग नव्हे. फ्रेडी, ब्रायन आणि रॉजर या तिघांचेच आवाज. चोवीस पदरांच्या फितीवर एकावर एक थर चढवायचे, भरलेले पदर एकत्र करून जागा मोकळी करायची, पुन्हा गायचे. दिवसाला दहा-दहा, बारा-बारा तास, असे तीन आठवडे. फीत यंत्रातून इतक्या वेळा फिरली की झिजून तिच्यातून पलीकडचे दिसू लागले, असे ते सांगत. चित्रपटात हा स्टुडिओ आहे, विनोद आहेत. पण ते बारा तास नाहीत. लेथवर उभा राहिलेला माणूस ते बारा तास शोधत बसतो आणि त्याला ते सापडत नाहीत.

दुसरे कारण मालकीचे. गाणी वापरायची तर ज्यांच्या हाती हक्क आहेत त्यांची परवानगी लागते. जिमी हेन्ड्रिक्स या गिटारवादकावर २०१३ साली निघालेल्या चित्रपटाला त्याची स्वतःची गाणी वापरता आली नाहीत, कारण हक्कदारांनी ती दिली नाहीत. डेव्हिड बोवीवरच्या २०२० च्या चित्रपटाचीही तीच गत झाली. गायकाचा चरित्रपट आणि त्यात त्याचे गाणे नाही, म्हणजे लग्न आहे पण नवरदेव नाही! अर्थात गाणी हवीत तर हक्कदारांना रुचेल अशी गोष्ट सांगण्याकडे कल होतो. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'च्या निर्मितीत ब्रायन मे आणि रॉजर टेलर या दोघांचा हात होता. जो हयात आहे तो आपली बाजू मांडू शकतो. जो गेला त्याच्या वतीने कोण बोलणार? पंचनाम्यात मयताची सही नसते.

तिसरे कारण आपल्यापाशी येते, म्हणजे प्रेक्षकांपाशी. आपल्याला आवडत्या माणसाचे पाप पाहायला आवडते. पण ते असे हवे की शेवटी माफ करून टाळ्या वाजवता याव्यात. खरे पाप आपल्याला जड जाते.

आणि इथेच माझे सर्वांत मोठे गाऱ्हाणे आहे. क्वीनच्या हातून एक खरी चूक झाली होती. ऑक्टोबर १९८४ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेत सन सिटी येथे गायले. तेव्हा त्या देशात वर्णभेदाचे राज्य होते. सन सिटी ज्या बोफुथात्स्वाना नावाच्या 'स्वतंत्र' मुलखात होती, त्याचे स्वातंत्र्य दक्षिण आफ्रिकेबाहेर जगाने कधी मानले नाही. संयुक्त राष्ट्रांनी कलावंतांना तिथे जाऊ नका असे सांगितले होते. ब्रिटनमधल्या गायक-वादकांच्या संघटनेने, म्युझिशियन्स युनियनने, आपल्या सभासदांना तिथे काम करण्यास मनाई केली होती. योगायोग असा की फ्रेडी ज्या १९४६ साली जन्मला त्याच साली भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार बंद केला होता. आम्ही राजकारणी नाही, श्रोत्यांत सर्व वर्णांचे लोक होते, असा क्वीनचा बचाव होता. युनियनने तो मानला नाही. तिने आपल्या या जगप्रसिद्ध सभासदांना दंड केला, आणि संयुक्त राष्ट्रांच्या काळ्या यादीतही त्यांचे नाव गेले.

युनियनचा माणूस म्हणून मी हे प्रथम वाचले तेव्हा दोन दिवस कॅसेट लावली नाही. मग लावली. माझे प्रेम कमी झाले नाही, पण ते शहाणे झाले. मला आवडणारा माणूस चुकू शकतो, आणि मी त्याला चूक म्हणूनही ऐकू शकतो, हे त्या दिवशी शिकलो.

आता तारखा जुळवून पाहा. ऑक्टोबर १९८४ ते जुलै १९८५, अवघे नऊ महिने. ज्या काळात चित्रपट फ्रेडीला सोबत्यांपासून तुटलेला दाखवतो, नेमक्या त्याच काळात ही खरी घटना घडली. खरी चूक चौघांची होती. ती चित्रपटात नाही. तिच्या जागी एक बनावट चूक बसवली, आणि ती एकट्या फ्रेडीची, जो आता उत्तर देऊ शकत नाही.

मला हे इतके का लागते, तेही सांगतो. आमच्या युनियनच्या रौप्यमहोत्सवात तरुण मुलांनी आमच्या जुन्या संपावर एक नाटुकले बसवले. त्यात मी मॅनेजरसमोर कराराचा कागद टराटरा फाडतो. टाळ्यांनी मंडप दणाणला. मी मात्र खाली मान घालून बसलो होतो. कारण तो कागद मी फाडला नव्हता. त्यावर सही केली होती. एक्केचाळिसाव्या दिवशी घरोघरच्या चुली विझल्या होत्या, आणि घाईत मी हंगामी कामगारांचे कलम सोडून दिले. त्या अकरा जणांना परत घेतले गेले नाही. पुढे कित्येक वर्षे मी त्यांच्या दारात जात राहिलो. नाटुकल्यात ते अकरा जण नव्हते. गेटवर रोज पिठले-भाकरी पोचवणाऱ्या बायकाही नव्हत्या. मला शूर करताना मुलांनी माझ्यापासून माझी माणसे काढून घेतली, आणि माझी चूकही काढून घेतली. ती चूक गेली तर पुढच्या कार्यकर्त्याने कराराचा कागद नीट वाचायला कुठून शिकावे?

क्वीनच्या खऱ्या चरित्रात शिकण्यासारखे किती होते! 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'च्या तबकडीच्या मागच्या बाजूला रॉजर टेलरचे एक गाणे होते. तबकडी खपली ती फ्रेडीच्या गाण्यामुळे. पण मानधन दोन्ही बाजूंना सारखेच मिळाले. त्यावरून कुरबुरी झाल्या. पुढे १९८९ च्या ध्वनिमुद्रिकेपासून त्यांनी ठरवले की गाणे कोणीही रचो, नाव चौघांचे लागेल. हा निर्णय घेतला तेव्हा फ्रेडी आजारी होता. माझ्या मते वाटणीचा असा समझोता एखाद्या चित्रपटाचा उत्कर्षबिंदू व्हायला हरकत नव्हती!

आणि शेवट म्हणाल, तर तोही आयुष्याने लिहून ठेवला होता. २९ नोव्हेंबर २००३ रोजी दक्षिण आफ्रिकेत केप टाउनला नेल्सन मंडेला यांच्या पुढाकाराने एड्सविरोधी जागृतीसाठी मोठा कार्यक्रम झाला. मंडेलांचा तुरुंगातला क्रमांक ४६६६४, हेच त्याचे नाव. वर्णभेद संपलेल्या त्या देशात, फ्रेडीला ज्या रोगाने नेले त्या रोगाविरुद्ध, ब्रायन मे आणि रॉजर टेलर व्यासपीठावर उभे राहून गायले. जिथे चूक झाली तिथेच तिची थोडी भरपाई झाली. मात्र आधी चूक दाखवल्याखेरीज या भरपाईला अर्थ नाही.

तात्पर्य, चरित्रपट पाहू नका असे मी सांगत नाही. जरूर पाहा, गाण्यांना रडाही. फक्त बाहेर पडताना तीन गोष्टी विचारा: या माणसाचे रोजचे काम मला दिसले का? त्याच्याबरोबर राबणाऱ्यांचा वाटा दिसला का? आणि दाखवलेली चूक त्याचीच होती का? उत्तर नाही आले, तर घरी जाऊन त्याचे गाणे पुन्हा ऐका. चित्रपटापेक्षा गाणे अधिक खरे बोलते.