क्लच घसरतोय की सुटत नाही?

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी आम्ही आणि आमचा धाकटा मोटारसायकलने चिपळूणहून कराडला निघालो होतो. मामूजानच्या घरी लग्न होते. पोफळीपर्यंत गाडी छान चालली. कुंभार्ली घाटाची चढण लागली आणि इंजिन ओरडू लागले. रेस दिली की आवाज वाढे, वेग मात्र तसाच. मागे भरलेला ट्रक हॉर्न वाजवत होता. थोड्या वेळाने जळकट वास आला, तेव्हा एका वळणावर गाडी बाजूला घेतली.

याच गाडीवर धाकटा रोज पहाटे आसपासच्या गावांत पाव-खारी पोहोचवतो. ती आठवडाभर गॅरेजमध्ये पडली तर घरात काय होते, ते आम्हाला ठाऊक आहे. म्हणून क्लचविषयी त्या दोन दिवसांत जे शिकलो, ते वाचकांपुढे ठेवत आहोत. गिअर नसलेल्या स्कूटरचा क्लच वेगळा असतो. ही माहिती हाताने लिव्हर दाबायच्या गाड्यांची आहे.

क्लचचे आजार मुख्यतः दोन, आणि दोन्ही एकमेकांच्या उलट. पहिला म्हणजे क्लच घसरणे. इंजिन फिरते, पण ती ताकद चाकापर्यंत पोहोचत नाही. चढणीवर किंवा मागे माणूस बसला की हे आधी कळते. दुसरा म्हणजे क्लच न सुटणे. लिव्हर पूर्ण दाबूनही गाडी पुढे सरकू पाहते, सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही, गिअर टाकताना खटका बसतो. पुष्कळ लोक दोन्हीला ‘क्लच गेला’ म्हणतात आणि थेट प्लेटा बदलायला सांगतात. खरे तर आधी केबल पाहायला हवी.

लिव्हर दाबताना सुरुवातीला थोडी मोकळी हालचाल लागते. गॅरेजवाले तिला ‘प्ले’ म्हणतात. आपल्याकडच्या बहुतेक शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांत लिव्हरच्या टोकाशी ती साधारण १० ते २० मिलिमीटर असावी; नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत मिळतो. प्ले फार वाढला तर क्लच पूर्ण सुटत नाही. प्ले उरलाच नाही, तर लिव्हर सोडलेला असूनही क्लच किंचित दाबलेलाच राहतो. आतल्या स्प्रिंगांचा पूर्ण दाब प्लेटांवर येत नाही, प्लेटा एकमेकींवर घासत तापतात.

आमचे नेमके हेच झाले होते, आणि चूक आमचीच होती. लिव्हर ढिला लागतो म्हणून पंधरा दिवसांपूर्वी आम्हीच अंगणात बसून केबल ताणून घट्ट केली होती. केवढा अभिमान वाटला होता तेव्हा! घाटात इंजिन जरा निवल्यावर धाकट्याने लिव्हरजवळचा लॉकनट सैल केला, अॅडजस्टर आत फिरवला आणि प्ले आणला. गाडी पुन्हा खेचू लागली. पूर्वीसारखी नाही, पण हळूहळू हेळवाक गाठले आणि संध्याकाळी कराड.

मामूजान तीस वर्षांपासून गाड्या दुरुस्त करतात. लग्नघरातल्या गडबडीतही त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “तेल कोणतं टाकलंस, बेटा?” या गाड्यांचा क्लच इंजिनच्या तेलातच बुडालेला असतो. मोटारीसाठीच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात. ती प्लेटांची पकड बिघडवतात. म्हणून डब्यावर ‘जॅसो एमए’ किंवा ‘एमए२’ लिहिलेले पाहून घ्यावे. ‘एमबी’ हे गिअर नसलेल्या स्कूटरसाठी. आमचे तेल बरोबर होते.

मग त्यांनी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून प्ले पाहिला. वळवताना प्ले नाहीसा होत असेल तर केबल कुठेतरी अडकते किंवा ताणली जाते. लिव्हरच्या टोकाशी केबलचे दोन-तीन धागे तुटलेले निघाले. असे धागे दिसले की केबल लगेच बदलावी, नाहीतर ती नको त्या जागी तुटते.

दुसऱ्या दिवशी वलीमा उरकल्यावर क्लच उघडला. तो उजव्या बाजूला होता, म्हणून गाडी साइड स्टँडवर डावीकडे कलती ठेवली; तेल फारसे सांडले नाही. स्प्रिंगांचे बोल्ट एकदम न काढता समोरासमोरचे थोडेथोडे सैल केले. प्लेटा निघाल्या त्याच क्रमाने वर्तमानपत्रावर मांडल्या. घर्षणाच्या प्लेटा गुळगुळीत, काचेसारख्या झाल्या होत्या. दोन पोलादी प्लेटांवर निळसर डाग होते. मामूजाननी त्या काचेच्या तुकड्यावर ठेवून दाबल्या, एक डुगडुगली. उष्णतेने वाकली होती. प्लेटांची जाडी आणि स्प्रिंगांची लांबी व्हर्निअरने मोजली. स्प्रिंगा ठीक होत्या, तेवढा खर्च वाचला. ज्या ड्रमच्या खाचांत प्लेटा सरकतात, त्या कडांवरूनही त्यांनी नख फिरवले. तिथे खोल खड्डे पडले असतील तर नव्या प्लेटाही अडकतात आणि क्लच सुटत नाही.

नव्या प्लेटा त्यांनी कोरड्या बसवल्या नाहीत. आधी इंजिनच्या तेलात भिजत ठेवल्या, तोवर आम्ही चहा घेतला. झाकणाचे जुने पॅकिंग खरवडून नवे लावले, नवी केबल टाकली. शेवटी मामूजाननी धाकट्याला जवळ बोलावून प्ले त्याच्याच हाताने लावायला लावला. आम्हाला पान्याला हात लावू दिला नाही.

नवी केबल सुरुवातीला जरा ताणते, म्हणून काही दिवसांनी प्ले पुन्हा पाहावा लागतो. धाकट्याने तो चौथ्या पहाटे पावाच्या टोपल्या बांधण्याआधी पाहिला. अॅडजस्टर एक आटा फिरवावा लागला.