ढेप गाईला चालते, पिल्लाला का नाही?

अमरावतीजवळच्या वलगावच्या शिवारात कापूस आणि सोयाबीन ही नेहमीची पिके. सरकीची ढेप गाई-म्हशी आवडीने खातात. मग वराहपालन करणाऱ्याने, आईचे दूध नुकतेच तुटलेल्या पिल्लाला महागड्या दूधभुकटीऐवजी तीच ढेप घातली तर?

ते धोक्याचे आहे. सरकीत गॉसिपॉल नावाचे पिवळे, विषारी द्रव्य असते. मोठ्या गाईच्या पोटाला चार कप्पे असतात. त्यांतील पहिल्या, मोठ्या कप्प्यात बरेचसे गॉसिपॉल प्रथिनांशी बांधले जाते व त्याचा जोर ओसरतो. डुकराच्या पोटात ही सोय नाही. तेथे ते शरीरात शोषले जाते, साठते व हृदयाला इजा करते.

मग सोयाबीन? त्यात सुमारे ४० टक्के प्रथिने असतात. पण कच्च्या दाण्यातील काही प्रथिने ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवतात. पिल्लू खाते, पण वाढत नाही. उष्णतेने या प्रथिनांच्या रेणूंची घडी उलगडते आणि अडथळा दूर होतो.

दाणा पुरेसा तापला का, हे तुम्हीही पाहू शकाल. कच्च्या व भाजलेल्या सोयाबीनचे पीठ दोन परीक्षानळ्यांत युरियाच्या द्रावणात कालवा. अर्ध्या तासाने दोन्हींत तांबडा लिटमस बुडवा. कच्च्या पिठातील युरिएज हे विकर युरियापासून अमोनिया बनवते, म्हणून तेथे कागद निळा होतो. युरिएज आणि ती अडवणारी प्रथिने उष्णतेने जवळजवळ बरोबरच निकामी होतात. पशुखाद्याच्या कारखान्यांतही याच तत्त्वावर पारख होते.

मात्र दाणा करपवू नका. फार तापल्यास लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल वाया जाते, आणि ते लिटमस सांगत नाही!