साप चावल्यावर काचेच्या नळीतलं रक्त काय सांगतं?

जुन्नर/आंबेगाव : भाताच्या खाचरात, उसात नाहीतर रात्री पाणी भरताना साप चावला, की दवाखान्यात थोडं रक्त कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटं न हलवता ठेवतात. नातेवाईकांना वाटतं, उगाच वेळ घालवतायत. पण नळी तिरकी केल्यावर रक्त पातळच राहिलं, तर घोणस किंवा फुरशाचं विष भिनलंय असं धरून डॉक्टर लगेच प्रतिविष सुरू करतात. प्लॅस्टिकची नळी यासाठी चालत नाही.

रक्त गोठलं म्हणजे सुटलो, असं मात्र नाही. घोणशीचं विष उशिरानेही चढतं. म्हणून पहिले ३ तास दर तासाला, नंतर २४ तासांपर्यंत दर ६ तासांनी तपासणी पुन्हा करतात. शिवाय नाग, मण्यार यांचं विष मज्जातंतूंवर जातं. त्यात रक्त सहसा गोठतंच. मण्यारीचा चावा तर बऱ्याचदा दिसतही नाही. झोपेतून उठलेला माणूस पोट दुखतंय म्हणतो, मग पापण्या जड होतात. तिथे डॉक्टर नळीवर नाही, तर पापण्या, गिळणं आणि श्वास बघून ठरवतात.

'रिपोर्ट नॉर्मल आलाय, सोडा घरी' असा आग्रह धरू नये. निदान २४ तास दवाखान्यातच थांबावं. तेवढ्यात हिरड्यांतून रक्त आलं, लघवी लाल झाली किंवा पापणी मिटायला लागली, तर लगेच सिस्टरला सांगावं.