चेहरा दुरुस्त होतो, आधी श्वास वाचवा

उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की हुपरी, रेंदाळ, यळगूड, पट्टणकोडोली भागातल्या रस्त्यांवर संध्याकाळनंतर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची वर्दळ वाढते. अनेक ट्रॉल्यांना मागे ना दिवा असतो, ना चकाकणारी पट्टी. कोल्हापूर-इचलकरंजीहून मोटारसायकलने परतणाऱ्याला अंधारात उभी असलेली ट्रॉली दिसत नाही आणि तो थेट तिच्यावर आदळतो. अशा धडकेत बऱ्याचदा पहिला मार चेहऱ्यालाच बसतो.

रक्ताने माखलेला चेहरा पाहून जमलेली माणसे हबकतात. ‘हा काही वाचत नाही’ असेही कोणी म्हणून जातो. वास्तविक चेहऱ्याला रक्तपुरवठा भरपूर असतो, म्हणून लहान जखमेतूनही पुष्कळ रक्त येते आणि त्याच कारणाने तिथल्या जखमा लवकर भरतात. केवळ चेहऱ्याच्या जखमांनी माणूस सहसा दगावत नाही. तो दगावतो तो श्वास कोंडल्याने किंवा मेंदूला मार लागल्याने. यातले पहिले कारण पुष्कळदा रस्त्यावरची साधी माणसेही टाळू शकतात.

जीभ पुढच्या बाजूने खालच्या जबड्याला बांधलेली असते. जबडा दोन्ही बाजूंनी मोडला की तिचा आधार सुटतो. अशा बेशुद्ध माणसाला उताणे निजवले तर जीभ मागे पडते. रक्त, उलटी, तुटलेले दात घशात उतरतात आणि काही मिनिटांत श्वास बंद होतो.

म्हणून आधी श्वास चालू आहे का ते पाहावे. घुरघुर आवाज येत असेल तर श्वासाला अडथळा आहे असे समजावे. तोंडात समोर दिसणारे दात, माती, गुठळ्या काढाव्यात. आत खोल बोटे घालू नयेत. बेशुद्ध माणसाला तिघा-चौघांनी मिळून, डोके, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून कुशीवर वळवावे म्हणजे रक्त बाहेर वाहते. शुद्धीवर असलेला जखमी पुढे वाकून बसू पाहत असेल तर त्याला तसेच बसू द्यावे, बळेच आडवे करू नये. वाहत्या जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरावे, मात्र डोळ्यावर दाब देऊ नये. हेल्मेट असेल आणि श्वास नीट चालू असेल तर ते तसेच राहू द्यावे. श्वास अडत असेल तरच एकाने मान व जबडा धरून दुसऱ्याने ते अलगद काढावे.

काय करू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. पाणी किंवा चहा पाजू नये. कांदा, चप्पल हुंगवू नये. जखमेत हळद, कॉफीची पूड भरू नये. नाकातून पाण्यासारखा पातळ स्राव येत असेल तर नाकात कापूस कोंबू नये. ते कवटीच्या तळाला तडा गेल्याचे लक्षण असू शकते. जखमीला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेणे तर अतिशय घातक. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे, तिला बोलवावे.

अखंड दात पडला असेल तर तो वरच्या पांढऱ्या भागाने धरून दुधात टाकून न्यावा. तासाभरात दंतवैद्याकडे पोहोचल्यास तो पुन्हा बसण्याची शक्यता चांगली असते.

काही जखमी उठून बोलतात, चहा मागतात, घरी जातो म्हणतात. यावर विसंबू नये. कवटीच्या आत रक्त साकळत असेल तर काही तासांनी गुंगी, उलट्या, वाढती डोकेदुखी सुरू होते. तेव्हा वेळ न दवडता स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे.

चेहऱ्याची हाडे जोडण्याची घाई नसते. श्वास आणि मेंदू सुरक्षित झाल्यावर, सूज उतरू देऊन काही दिवसांनीही टायटॅनियमच्या पट्ट्यांनी जबडा, गालाचे हाड नीट बसवता येते. आमच्या चांदीच्या गावाला सांगायला नको, मोडलेला दागिना जोडता येतो. पण तो हातात शिल्लक राहिला पाहिजे.

हेल्मेटचे महत्त्व नवे नाही. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून ओळखले जाणारे टी. ई. लॉरेन्स १९३५ मध्ये मोटारसायकलच्या अपघातात डोक्याला मार लागून सहा दिवसांनी वारले. त्यांच्या उपचारात सहभागी असलेले मेंदूचे शल्यचिकित्सक ह्यू केर्न्स यांनी पुढे दुचाकीस्वारांच्या दुखापतींचा अभ्यास करून १९४१ मध्ये हेल्मेटचा आग्रह धरला. २००८ मध्ये अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्के, तर डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्के कमी होतो असे आढळले. टोपीसारखे हेल्मेट कवटी झाकते, जबडा उघडाच राहतो. म्हणून हनुवटी झाकणारे, आयएसआय खुणेचे हेल्मेट घ्यावे आणि पट्टा बांधावा. आरशाला अडकवलेले हेल्मेट पोलिसांना दाखवण्यापुरतेच!

‘मदत केली तर पोलिसांचा ससेमिरा लागेल’ ही भीतीही आता नको. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये आणि मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. त्याला आपले नाव सांगण्याचीही सक्ती नाही.

तेव्हा वाचकहो, रस्त्यात कोणी पडलेला दिसला तर त्याच्या चेहऱ्याकडे पाहून हातपाय गाळू नका. खाली वाका आणि श्वास ऐका.