खून केला की झाला?

रहस्यपटाच्या शेवटी खुनी सापडतो आणि प्रेक्षक निर्धास्त होऊन घरी जातो, हा या प्रकाराचा जुना करार. १९४५ सालच्या ‘डीटूर’ या अमेरिकी चित्रपटाने तो पाळलेला नाही. त्यात दोन मृत्यू होतात. दोन्ही वेळी जवळ एकच माणूस असतो, आणि काय घडलं हे आपल्याला सांगणाराही तोच. माझा दोष नाही, नशीबच फिरलं, असं तो पुन्हापुन्हा पटवतो. त्याच्यावर विश्वास ठेवायचा का, एवढंच इथलं रहस्य. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारकथांवर वाढलेल्या वाचकाला इथे तपास स्वतःच करावा लागतो.

अल रॉबर्ट्स हा न्यूयॉर्कच्या क्लबातला पियानोवादक. हॉलिवूडला गेलेल्या प्रेयसीकडे तो रस्त्यावर लिफ्ट मागत निघतो. हॅस्केल नावाचा बुकी त्याला गाडीत घेतो. पुढे भर पावसात अल गाडीचं दार उघडतो, हॅस्केल खाली कोसळतो आणि संपतो. अल त्याची गाडी, कपडे, पैसे आणि नावही घेतो. मग वाटेत व्हेराला गाडीत बसवतो. ती आधी हॅस्केलच्याच गाडीतून आलेली असते, त्यामुळे हा तोतया तिला लगेच कळतो. अ‍ॅन सॅव्हेजची ही व्हेरा आजही अंगावर येते.

दिग्दर्शक एडगर अल्मर व्हिएन्नात वाढलेला. १९३४ मध्ये त्याने युनिव्हर्सलसाठी ‘द ब्लॅक कॅट’ केला. पुढे स्टुडिओप्रमुखाच्या भाच्याच्या पत्नीशी त्याचं प्रेम जुळलं, तिच्याशी त्याने लग्न केलं आणि मोठ्या स्टुडिओंची दारं त्याला बंद झाली. मग पीआरसीसारख्या गरीब कंपन्यांसाठी तो झटपट चित्रपट काढू लागला. ‘डीटूर’ सहा दिवसांत उरकला, असं तो सांगे. अभ्यासक नोआ आयझेनबर्ग यांनी कागदपत्रं तपासली, तेव्हा चित्रीकरण त्याहून बरंच लांबल्याचं आणि खर्च एक लाख डॉलरवर गेल्याचं दिसलं. तरी हॉलिवूडच्या मानाने ही चिल्लरच.

ही चणचण अल्मरने कामाला लावली. न्यूयॉर्कचा रस्ता उभारायला पैसे नव्हते, म्हणून त्याने दाट धुकं सोडलं आणि त्यात रस्त्यांच्या नावाच्या पाट्या दाखवल्या. लिफ्टच्या काही दृश्यांत फिल्म चक्क उलटी छापली आहे. नकाशावर न्यूयॉर्कहून कॅलिफोर्निया डावीकडे पडतं, तेव्हा प्रवासही पडद्यावर डावीकडेच जावा, असा त्याचा हेतू मानतात. त्यामुळे चालक उजवीकडे बसलेला दिसतो. अमेरिकी प्रेक्षकाला हे खटकतं. आपल्याला मुळीच नाही.

आता डिस्कविषयी. अमेरिकेत तेव्हा २८ वर्षांनी कॉपीराइटचं नूतनीकरण करावं लागे. या चित्रपटाचं ते झालं नाही, आणि तो कुणीही विकावा असा झाला. टीव्हीवर, व्हीएचएसवर, स्वस्त डीव्हीडींवर ओरखड्यांनी भरलेल्या, आवाज बसलेल्या प्रती फिरत राहिल्या. १९९२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत त्याचा समावेश झाला, तरी घरोघरी पाहिली जात होती ती हीच कळकट प्रत. कित्येकांनी त्या काजळीलाच शैली मानलं.

अकॅडमी फिल्म आर्काइव्ह आणि फिल्म फाउंडेशन यांनी केलेलं ४के पुनरुज्जीवन क्रायटेरियनने २०१९ मध्ये ब्लू-रेवर आणलं. त्यासाठी बेल्जियमच्या संग्रहालयातली जुनी प्रत उपयोगी पडली. तिच्यावर छापलेली उपशीर्षकं पुसून काढावी लागली. स्वच्छ चित्रात काही गोष्टी उघड्याही पडतात. धावत्या गाडीमागचा रस्ता पडद्यावर सोडलेला आहे, हे आता लगेच कळतं. पण अलचा चेहरा प्रथमच नीट दिसतो, आणि अल साकारणाऱ्या टॉम नीलचे डोळे त्याच्याच निवेदनाला साथ देत नाहीत, हेही. सोबत अल्मरवरचा २००४ चा माहितीपट आणि आयझेनबर्ग यांची मुलाखत आहे, दोन्ही बघण्यासारख्या. अमेरिकी डिस्क ‘ए’ विभागाची आणि भारत ‘सी’ विभागात, तेव्हा प्लेअर सर्व विभागांच्या डिस्क चालवणारा हवा.

चित्रपट जेमतेम सत्तर मिनिटांचा, म्हणून दोनदा पाहणं अवघड नाही. थिएटरात साक्षीदार बोलत सुटतो. घरी रिमोट हातात असला की त्याची उलटतपासणी घेता येते. मी ती घेतली. हॅस्केल वाटेत गोळ्या घेताना दिसतो, म्हणजे तो आजारी असावा. तिथे अलला संशयाचा फायदा देता येईल. व्हेरा मात्र बंद दाराआड टेलिफोनच्या वायरने गळा आवळून मरते. वायर दाराच्या फटीतून अलनेच ओढलेली असते. तिने पोलिसांना फोन करू नये म्हणून वायर तोडत होतो, असं तो म्हणतो. तेव्हाच्या सेन्सॉरसंहितेनुसार गुन्हेगाराला मोकळं सोडता येत नसे, म्हणून शेवटी पोलिसांची गाडी येते. पण पहिल्या मृत्यूनंतर मयताचं नाव पांघरून हिंडलेल्या माणसाच्या हातून दुसरा मृत्यूही निव्वळ अपघाताने घडला, हे मला पटत नाही. व्हेराचा खून त्याने केला, असं माझं मत आहे. डिस्क लावा आणि खोडून दाखवा.