यंत्राचे हात, माणसाचे कसब

'यंत्रमानव शस्त्रक्रिया करतो' म्हटले की सुरी परजणारा पोलादी राक्षस डोळ्यांपुढे येतो! वस्तुतः हे यंत्र स्वतःहून सुईही हलवीत नाही. शल्यविशारद काही पावलांवर बसून बोटे हलवितो; यंत्राचे बारीक हात पोटावरील छिद्रांतून आत शिरून तेच करतात.

गुदाशयाच्या कर्करोगात त्यांचे मोल मोठे. ओटीपोटात जागा अरुंद, शेजारी नाजूक मज्जातंतू. गुदाशयाभोवतीचे चरबीचे वेष्टन अखंड काढावे, हे इंग्लंडच्या बिल हील्ड यांनी १९८२ साली मांडले. यंत्रही तेच साधू पाहते.

मग यंत्रच श्रेष्ठ का? २०१७ सालच्या ४७१ रुग्णांच्या चाचणीत दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेपेक्षा त्याची ठळक सरशी दिसली नाही. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या चिनी चाचणीत मात्र, अनुभवी शल्यविशारदांच्या हाती, तीन वर्षांत रोग त्याच भागात उलटला तो १.६ टक्के रुग्णांत. दुर्बिणीच्या गटात ४ टक्के.

तेव्हा यंत्र कोणते याआधी हात कोणाचा, हे विचारावे. आणि शौचावाटे रक्त गेल्यास 'मूळव्याधच असेल' म्हणून संकोचाने घरी बसू नये. दवडलेले दिवस कोणतेही यंत्र परत देत नाही.