पळणाऱ्या लेकीचं नाव कॉलेजच्या पटावर राहू द्या



बारावीचा निकाल लागला की आमच्या केंद्रावर एका प्रकारचे फोन वाढतात. परवा एका आईचा आला. म्हणाली, "ताई, माझी लेक शाळेत असताना जिल्ह्यापर्यंत पळाली. आता तिला कॉलेजला घालू, का घरीच ठेवून भरतीची तयारी करू दे? फीचे पैसे वाचतील. आणि पळून पळून पुढं जाणार तरी कुठं?"

फोनवर दोन वाक्यांत उत्तर देता येईना, म्हणून आजचा कार्यक्रम याच प्रश्नावर करायचं ठरवलं. हा प्रश्न एका घरचा नाही. म्हसवडपासून दहिवडीपर्यंत पहाटे रस्त्याच्या कडेनं पळणाऱ्या पोरी आपण रोज बघतो. त्यांच्यासाठी एक वाट आहे, आणि ती कॉलेजच्या पटावरून जाते. ही गोष्ट आपल्याकडं फारशी कुणी सांगत नाही.

आधी आपल्याच तालुक्याचं बघू. ललिता बाबर माण तालुक्यातल्या मोहीची. तिची शर्यत स्टीपलचेस, म्हणजे ३००० मीटर पळायचं आणि वाटेत २८ वेळा अडथळा ओलांडायचा, शिवाय ७ वेळा पाण्यावरची उडी. बायकांच्या शर्यतीत हा अडथळा अडीच फूट उंच असतो, आणि पाय लागला तरी तो पडत नाही. २०१४ च्या आशियाई खेळांत ललितानं कांस्य मिळवलं, २०१५ च्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत सुवर्ण. २०१६ ला रिओ ऑलिंपिकच्या प्राथमिक फेरीत ती ९ मिनिटं १९.७६ सेकंदांत पळाली, तो तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम होता. अंतिम फेरीत ती दहावी आली. १९८४ ला पी. टी. उषा पोचली होती, त्यानंतर ट्रॅकवर वैयक्तिक शर्यतीत ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय बाई. पुढं ती महाराष्ट्र शासनात अधिकारी झाली. तेव्हा "पळून जाणार कुठं" याचं एक उत्तर मोहीत आहेच.

पण ऑलिंपिक म्हणजे फार लांबचं शिखर. गावातल्या मैदानावरून एकदम तिथं कुणी जात नाही. मधे पायऱ्या असतात. त्यातली एक मोठी पायरी म्हणजे जागतिक विद्यापीठ क्रीडा स्पर्धा.

ही स्पर्धा म्हणजे जगभरातल्या कॉलेज-विद्यापीठांत शिकणाऱ्या मुलामुलींचं ऑलिंपिकच म्हणा. दर दोन वर्षांनी उन्हाळी स्पर्धा होते. १९५९ ला इटलीतल्या तुरीन शहरात ती 'युनिव्हर्सियाड' या नावानं सुरू झाली, त्याच वर्षापासून भारत तिच्यात भाग घेतो. ती भरवणाऱ्या जागतिक संघटनेला फिसू म्हणतात. भारताचा संघ निवडून पाठवायचं काम भारतीय विद्यापीठ संघ करतो. देशभरच्या विद्यापीठांची ही संस्था १९२५ पासून आहे, खेळाडू तिला ए.आय.यू. म्हणून ओळखतात.

बरीच वर्षं भारताच्या हाती तिथं फारसं काही लागत नव्हतं. २०१७ ला तैवानच्या तैपेई शहरात स्पर्धा झाली. तिथं १०,००० मीटर शर्यतीत नाशिक जिल्ह्यातल्या संजीवनी जाधवनं रौप्य मिळवलं. दहा हजार मीटर म्हणजे मैदानाला पंचवीस फेऱ्या. २०१९ ला इटलीच्या नेपल्स शहरात ओडिशाच्या द्युती चंदनं १०० मीटर ११.३२ सेकंदांत पळून सुवर्ण घेतलं. ती तेव्हा भुवनेश्वरच्या विद्यापीठात शिकत होती.

मग २०२३ ला चीनमधल्या चेंगडूत चित्र पालटलं. भारतानं २६ पदकं आणली, त्यात ११ सुवर्ण. १९५९ पासूनच्या आधीच्या सगळ्या स्पर्धांची बेरीज केली तरी तेवढी भरत नव्हती. २०२५ च्या जुलैत जर्मनीतल्या ऱ्हाईन-रुर भागात स्पर्धा झाली. तिथं १२ पदकं मिळाली: २ सुवर्ण, ५ रौप्य, ५ कांस्य. त्यातलं एक सुवर्ण धनुर्विद्येत महाराष्ट्राच्या साहिल जाधवचं. पुण्याच्या वैष्णवी आडकरनं टेनिसच्या महिला एकेरीत कांस्य मिळवलं. सीमा ही मुलगी ५००० मीटरमध्ये दुसरी आली. वीस किलोमीटर चालण्याच्या शर्यतीत भारताच्या मुलींच्या संघाला कांस्य मिळालं. होय, चालण्याचीही शर्यत असते! आणि चालणं माणदेशातल्या बायकांना कुणी शिकवायला नको.

आता एक आकडा नीट ऐका. ऱ्हाईन-रुरला स्टीपलचेसमध्ये उत्तराखंडच्या अंकिता ध्यानीनं रौप्य मिळवलं, वेळ ९ मिनिटं ३१.९९ सेकंद. आपली ललिता त्याच्या नऊ वर्षं आधी रिओत त्याहून बारा सेकंद कमी वेळात पळाली होती. मैदान वेगळं, हवा वेगळी, शर्यतीचा डावही वेगळा, त्यामुळं यावरून कोण मोठं कोण लहान असं ठरवायचं नाही. पण एवढं नक्की कळतं, की ही पदकं आपल्या मातीतल्या पोरींच्या हाताबाहेरची नाहीत. पायात ताकद आहे. अडतं ते दुसरीकडंच.

कुठं अडतं? नियमात बघा. या स्पर्धेत उतरायला दोन गोष्टी लागतात. पहिली वय. २०२५ च्या स्पर्धेला १८ ते २५ वर्षं वयाची अट होती. दुसरी, खेळाडू विद्यापीठात किंवा त्या दर्जाच्या संस्थेत शिकत असली पाहिजे, नाहीतर आदल्याच वर्षी तिथून पदवी घेऊन बाहेर पडलेली पाहिजे. म्हणजे कितीही वेगानं पळणारी मुलगी असो, तिचं नाव कॉलेजच्या पटावर नसेल तर तिच्यासाठी हे दार बंद.

आता हिशेब करू. मुलगी अठराव्या वर्षी बारावी झाली. पदवीची तीन-चार वर्षं धरा, पुढं एम.ए. किंवा एम.कॉम.ची एक-दोन. पाच वर्षं ती पटावर राहिली, वर पदवीनंतरचं एक वर्ष. दर दोन वर्षांनी स्पर्धा, म्हणजे तिला तीन वेळा संधी. बारावीनंतर शिक्षण सुटलं तर एकही नाही. लांब पल्ल्याच्या धावपटूची खरी ताकद विशी ओलांडल्यावर दिसायला लागते. ललिता रिओत पळाली तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. आणि आपल्याकडं एकोणीस-विसाव्या वर्षी लग्नाची बोलणी सुरू होतात, तिथंच बूट खुंटीला लागतात.

आता वाट कशी जाते ते सांगतो. सातारा, सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांतली कॉलेजं बहुतेक कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली आहेत. प्रवेश घेतल्यावर पहिल्याच महिन्यात लेकीनं कॉलेजच्या जिमखाना विभागात जाऊन नाव द्यायचं. आधी जिल्ह्याच्या विभागातल्या कॉलेजांच्या स्पर्धा होतात, त्यांना झोनल म्हणतात. तिथून वर आलेल्यांच्या इंटरझोनल. त्यातून विद्यापीठाचा संघ निवडला जातो आणि तो अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. तिथं देशभरच्या विद्यापीठांची मुलं येतात. जागतिक स्पर्धेसाठी निवड होते ती याच मुलांतून, चाचण्या घेऊन. शिवाय २०२० पासून खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धाही सुरू झाल्या आहेत, तिथंही पोरींना मोठं मैदान मिळतं.

कॉलेज पाठीशी उभं राहिलं तर काय होतं, हे आपल्या जिल्ह्याला नवं नाही. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते, तेव्हा कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कुस्तीत कांस्य आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

आता कागदांचं. ही बाजू आपण हलकी धरतो, पण ती फार महागात पडते. २०२५ च्या त्याच स्पर्धेत काय झालं बघा. बॅडमिंटनचे बारा खेळाडू जर्मनीला पोचले. पण स्पर्धेआधी संघाची नावं द्यायची असतात, तिथं सहाच नावं गेली. उरलेले सहा निवड होऊन, एवढा प्रवास करूनही मैदानात उतरू शकले नाहीत. संघानं कांस्य जिंकलं, आणि ते बघत राहिले. नंतर चौकशी नेमली गेली, पण गेलेली स्पर्धा परत येत नाही. त्यात पोरांची काही चूक नव्हती. जगाच्या मैदानावर असं होऊ शकतं, तर कॉलेजच्या फॉर्मवर का होणार नाही?

म्हणून आयांनो, लेकीची एक फाइल घरात ठेवा. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जन्माचा दाखला, आधार, कॉलेजची प्रवेश पावती आणि ओळखपत्र. प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र, हरली असली तरी. सगळ्या कागदांवर नाव आणि जन्मतारीख एकसारखी आहे का ते आत्ताच तपासा. एकीकडं वडिलांचं नाव आहे, दुसरीकडं नाही, असं असलं तर अडचण येते. लग्न झालं आणि नाव बदललं तर ते सगळीकडं एकदमच बदला, नाहीतर शिक्षण पुरं होईपर्यंत आहे तेच राहू द्या. विद्यापीठाच्या संघात निवड झाली की पासपोर्टचा अर्ज करून टाका, बोलावणं आल्यावर धावपळ नको. आणि कॉलेजमधून नाव पुढं गेलं का, हे लेकीनं स्वतः जाऊन यादीत बघायचं. "सर म्हणाले, पाठवलंय" एवढ्यावर थांबायचं नाही.

भरतीचं म्हणाल, तर आम्ही भरतीच्या विरोधात नाही. घरात पगार येणं किती मोठी गोष्ट आहे, हे दुष्काळात छावणीवर राहिलेल्या बाईला कुणी सांगायला नको. पण भरतीची तयारी आणि कॉलेज ही एकाच वेळी होणारी कामं आहेत. पहाटे पळायचं, दिवसा वर्गात बसायचं. उलट पदवी हातात असली तर शिपायाच्या जागेच्या वरच्या परीक्षाही देता येतात. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. कोणत्या पदाला कोणत्या स्पर्धेचं प्रमाणपत्र चालतं याचे नियम ठरलेले आहेत, आणि प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा खात्याकडून करून घ्यावी लागते. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन हे विचारून घ्या.

सगळ्याच पोरी जर्मनीला जाणार नाहीत, हे आम्हालाही कळतं. शंभरातली एखादी विद्यापीठाच्या संघात जाईल, त्यातलीही एखादीच पुढं. पण बाकीच्या नव्व्याण्णव जणींच्या हातात काय राहील? पदवी राहील, चार गावं बघितलेली नजर राहील, आणि लग्न दोन-चार वर्षं पुढं गेलेलं असेल. यात तोटा कुणाचा झाला, तुम्हीच सांगा.

तर ज्या ताईंनी फोन केला होता, त्यांना आमचं उत्तर एवढंच: लेकीला कॉलेजला घाला. प्रवेशाची तारीख उलटायच्या आत घाला. पळणं तिचं ती बघेल, पटावरचं नाव मात्र आपण सांभाळायचं.

पुढच्या वेळी पळणाऱ्या पोरींच्या खाण्याबद्दल बोलू: बाजरीची भाकरी, शेंगदाणे, गूळ आणि अंगातलं रक्त. तोवर नमस्कार.